घरबसल्या काम : वाचते किती आणि झिजते काय?

२०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी लागली आणि 'वर्क फ्रॉम होम' हे शब्द घराघरांत पोहोचले. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांनी आपल्या नोकरांना घरी बसून काम करायला सांगितले. वर्तमानपत्रांतून तर असे लिहून येऊ लागले की जणू जगात कधी नव्हती अशी पद्धत सुरू झाली आहे. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे हे वाचून थोडी चकितच झालो. आमच्या धंद्यात घरबसल्या काम आजोबा-पणजोबांपासून चालत आले आहे. तागा दुकानात येतो, कापलेला माल गठ्ठे बांधून घरोघर जातो, कुठे शिलाई होते, कुठे काज-बटण, कुठे फॉल-पिको, कुठे टिकल्या आणि खडे लागतात, आणि तयार नग मोजून परत येतो. मजुरी नगावर. ना हजेरीपट, ना भोंगा, ना सुट्टीचा अर्ज.

हा कारभार लहान नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ साली, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, जगात सुमारे २६ कोटी माणसे घरी बसून रोजी कमावत होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाया होत्या. पैशाच्या बाजूने या कामावर पुष्कळ बोलले जाते. दर काय, उधारी किती, माल वेळेवर येतो की नाही, हे आपण रोज बोलतो. पण या कामाचा माणसाच्या तब्येतीवर आणि मनावर काय परिणाम होतो, हा हिशेब आपल्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो. तो आज मांडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या भागातले चित्र

आशागड आणि आसपासच्या गावांत मोठे कारखाने फारसे का नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर बंधने घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली त्यावर देखरेख ठेवण्यासाठी खास प्राधिकरणही नेमले गेले. त्यामुळे चिकूच्या वाड्या आणि समुद्रकिनारा राखला गेला ही चांगली गोष्ट झाली. पण ज्यांच्याकडे वाडी नाही, होडी नाही, त्यांच्यासाठी छोटा धंदा आणि घरातला धंदा हाच मोठा आधार राहिला.

चिंचणी-वरोरच्या बाजूला सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे, म्हणजे 'डाय', कोरण्याचे काम घरोघर चालत आले आहे. हातात बारीक छिन्नी, समोर लोखंडाचा तुकडा आणि त्यावर केसाएवढी नक्षी. गंजाड-कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रांचे ते काम आजही आदिवासी पाड्यांवर घरातच बसून होते. आमच्या मोहल्ल्यांतून शिलाई आणि फॉलचे काम आहे. आणि आता त्यात एक नवी जमात मिळाली आहे, ती म्हणजे लॅपटॉप घेऊन घरी बसणारी आपली शिकलेली मुले-मुली. मुंबईच्या एखाद्या पेढीचे हिशेब, फोनवरची चौकशी, मालाच्या नोंदी अशी कामे ती घरून करतात.

कारागीर आणि लॅपटॉपवाला यांची कमाई वेगळी, मान वेगळा. पण दोघांच्या शरीराची तक्रार विचारा, उत्तर जवळजवळ एकच मिळेल: डोळे, मान, कंबर आणि झोप.

आधी फायद्याची बाजू

हिशेब करायचा तर जमेची बाजू आधी लिहिली पाहिजे. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली, सोय झाली, तरी एका बाजूचा प्रवास अडीच-तीन तासांचा. जाऊन-येऊन दिवसाचे पाच-सहा तास गाडीत, तेही बहुधा उभ्याने. हा प्रवास ज्याचा वाचला त्याची झोप वाचली, घरचे ताजे जेवण मिळाले, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहता आले, नमाजच्या वेळा सांभाळता आल्या. ज्या भगिनींना लहान मुले सोडून बाहेर पडता येत नाही, त्यांच्या हातात चार पैसे आले ते याच कामामुळे. घरात कमावती बाई असली की मुलांच्या फीचा प्रश्न सुटतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कामाचा उरकही कमी होत नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या मोठ्या कंपनीने २०१० च्या अखेरीस एक प्रयोग केला. फोनवर काम करणाऱ्या सुमारे २५० नोकरांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिले, बाकीच्यांना कचेरीत ठेवले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. कंपनी खूश झाली. पण नऊ महिन्यांनंतर मर्जी विचारली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक म्हणाले की आम्हाला कचेरीत परत येऊ द्या. कारण काय, तर एकटेपणा.

या एका प्रयोगात सगळा विषय आला. काम वाढते, मालकाचा फायदा होतो आणि तरीही माणूस आतून कोमेजतो. शरीराचे काय होते ते आता क्रमाने पाहू.

डोळे

कारागिराचे पहिले भांडवल डोळे. सुई-दोऱ्याचे काम असो की संगणकाचे, जवळ टक लावून पाहताना पापण्या नेहमीपेक्षा कमी लवतात. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. शिवाय जवळ पाहण्यासाठी डोळ्यातला स्नायू सतत आवळलेला राहतो, तो थकला की कपाळ दुखते. उजेड कमी असेल तर त्रास दुप्पट. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवण घालायची आणि वर एकच मिणमिणता दिवा, हे चित्र आपल्याकडे घरोघर आहे.

त्यातच वयाची चाळिशी येते. आपल्या भाषेत त्या वयालाही चाळिशी म्हणतात आणि तेव्हा लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात, इतकी ही गोष्ट ठरलेली आहे. तरीही पुष्कळ कारागीर चष्मा लावत नाहीत. 'नजर गेली' असे म्हणून बारीक काम सोडतात आणि कमी मजुरीच्या कामाला लागतात. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या ३५ ते ६५ वयाच्या, जवळचे पाहून काम करणाऱ्या ८२४ माणसांवर एक अभ्यास झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा फुकट दिला, त्यांचे उत्पन्न आठ महिन्यांनंतर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त निघाले. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीच्या पुढच्या मजुरांना असेच चष्मे दिले, तर पाने खुडण्याचे काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. व्यापारी बंधूंनो, इतक्या कमी पैशात इतका नफा देणारी दुसरी कुठली वस्तू आपल्या दुकानात आहे का?

मान, कंबर आणि हात

कचेरीत निदान टेबल-खुर्ची असते. घरात काम होते ते पलंगावर, जमिनीवर, दाराच्या उंबऱ्याशी, किंवा जेवणाच्या ताटाएवढ्या स्टुलावर. मान पुढे झुकली की डोक्याचा भार मानेच्या स्नायूंना पेलावा लागतो. अर्धा तास ठीक आहे, पण दिवसाला आठ-दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस झाले की मणक्याची तक्रार सुरू होते. लॅपटॉपचा दोष असा की त्याचा पडदा आणि कळा एकाच तुकड्यात आहेत. कळा हाताला बरोबर आल्या की पडदा खाली जातो आणि मान वाकते. शिलाई मशीनचा दोष असा की टेबल एका मापाचे आणि स्टूल घरात सापडेल ते. टेबल कोपरापेक्षा उंच असेल तर खांदे उचलून काम करावे लागते, खाली असेल तर कंबर वाकते.

हाताचेही तसेच. कात्रीने धागे कापणे, सुईने टिकल्या भरणे, छिन्नी धरणे, कळा दाबणे, या सगळ्यांत मनगटाची तीच हालचाल दिवसातून हजारो वेळा होते. मनगटातून जाणाऱ्या शिरेवर दाब येतो आणि अंगठा व त्याशेजारच्या बोटांना मुंग्या येतात. हा त्रास बहुधा रात्री जास्त जाणवतो. माणूस झोपेतून उठून हात झटकतो. सुरुवातीलाच विश्रांती आणि उपचार मिळाले तर बरे वाटते. दुर्लक्ष झाले तर बोटांची पकड जाते, आणि पकड गेलेल्या कारागिराला कोण काम देणार?

छाती, कान आणि घरातली हवा

कारखाना घरात आला म्हणजे कारखान्याची धूळही घरात आली. भिवंडी-मालेगावकडे कित्येक ठिकाणी राहत्या घराला लागूनच माग आहेत. खाली साचे, वर माळ्यावर कुटुंब. सुताची बारीक रुवे हवेत उडतात, ती भाकरीवर बसतात आणि तान्ह्या मुलाच्या नाकातही जातात. कापसाच्या धुळीने छातीचा एक विशिष्ट आजार होतो. त्याची खूण अशी की आठवड्याची सुट्टी घेऊन कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, पुढे एक-दोन दिवसांत सवयीने कमी होते. वर्षे गेली की हे आवळणे रोजचे होते आणि मग ते सुटत नाही. ही खूण दिसताच डॉक्टरकडे जाणे अगत्याचे आहे.

मागांचा आवाज साधारणपणे ९० डेसिबलच्या वर असतो. अशा आवाजात रोज आठ तास राहिले तर कान हळूहळू बधिर होतात. कारखान्यातला मजूर निदान घरी जाऊन शांत झोपतो. ज्याचे घरच कारखाना, त्याच्या मुलांना अभ्यासालाही शांतता नाही. आपल्या बाजूला माग नाहीत, पण खडे चिकटवण्याच्या कामात सरसाचा उग्र वास असतो, त्याने डोके जड होते, मळमळते. कापड उडू नये, टिकल्या विखरू नयेत म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, वर तापलेला पत्रा. मे महिन्यातल्या डहाणूच्या दमट उन्हाळ्यात ही खोली कशी होत असेल, याची कल्पना दुकानात पंख्याखाली बसून येत नाही.

दिवस संपत नाही

आता मनाची बाजू. कारखान्याचे दार संध्याकाळी बंद होते. घराच्या कामाला दार नाही. कारागीर भगिनी सकाळी स्वयंपाक, मग मुलांची शाळा, मग मशीन, मग दुपारचे जेवण, पुन्हा मशीन, आणि सगळे झोपल्यावर उरलेले नग. लॅपटॉपवाल्याचा साहेब रात्री दहाला फोन करतो, कारण त्याला ठाऊक आहे की माणूस घरीच आहे. घरच्यांना वाटते हा घरीच आहे, तर गॅसची टाकी आणून देईल. दोन्हीकडून ओढ. घरी असूनही घरच्यांचा नाही आणि काम करूनही कामावर धरला जात नाही, अशी त्याची गत होते. चिडचिड वाढते, नवरा-बायकोत खटके उडतात, मुलांवर हात उठतो.

लांबलेल्या तासांची किंमत मोजली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक दिसला. आठवड्याला ५५ तास म्हणजे सहा दिवसांचे दिवसाला सव्वानऊ तासांच्या आतच. आपल्या किती कारागिरांचे तास याहून कमी आहेत, ते प्रत्येकाने मनाशी मोजावे. घरी बसणाऱ्याचे चालणेही घटते. स्टेशनपर्यंतची पायपीट गेली, जिने गेले, आणि साखर व वजन वाढले. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज पाच-सहा तास गाडीत घालवणाऱ्याचे जे वाचले, त्यातला निदान अर्धा तास पायांना द्यायला हवा.

एकटेपणाचे आधी सांगितले. कारखान्यात चार माणसे असतात, बोलतात, हसतात, दर काय चालला आहे ते एकमेकांना सांगतात. घरी बसलेल्या बाईला शेजारच्या गल्लीत काय दर मिळतो हेही ठाऊक नसते. एकटेपणाने मन खचते आणि मजुरीही खचते.

घर हेच कारखाना झाले की घरावरचे संकट रोजीवर येते, हेही आपण पाहिले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. २०१९ च्या हिवाळ्यात कित्येक कुटुंबांनी रात्री तंबूत काढल्या. ज्यांचे काम घरात होते, त्यांना आत बसून मशीन चालवायची भीती आणि बाहेर बसून रोजी बुडायची भीती. कामाची जागा निराळी असती तर एक तरी भीती कमी झाली असती.

वाचलेले भाडे कुणाकडे गेले?

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. समजा एका व्यापाऱ्याने दहा बायांना काम द्यायचे ठरवले. गाळा घेतला तर भाडे, वीज, पाणी, झाडलोट मिळून महिन्याला १५ हजार रुपये लागले असते. काम घरी दिल्याने ते वाचले. आकडा उदाहरणाचा आहे, कमीजास्त करून घ्यावा. पण हा खर्च नाहीसा झालेला नाही. तो दहा घरांत वाटला गेला, घरटी दीड हजार. जागा तिची, दिवा तिचा, सुई-तेल तिचे, माल आणायचे-पोहोचवायचे रिक्षाभाडे तिचे. आणि जे तिच्या खिशातून निघाले नाही ते तिच्या अंगातून निघाले. दिवा परवडला नाही म्हणून डोळे झिजले, खुर्ची परवडली नाही म्हणून कंबर गेली.

आमचे म्हणणे इतकेच आहे की त्या वाचलेल्या दीड हजारातून व्यापाऱ्याने महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे तिसरा हिस्सा, कारागिराच्या कामाच्या जागेवर खर्च करावा. चार-सहा महिन्यांत एक चांगला दिवा, मापाची खुर्ची, जवळचा चष्मा आणि खिडकीतला पंखा एवढे होते. बाकीचा हजार रुपये नफा आहेच. याला कुणी दानधर्म म्हणू नये. मशीनला तेल घालतो तसाच हा खर्च आहे. थकलेल्या हाताने रात्री अकराला शिवलेला नग सकाळी उसवावा लागतो, हे प्रत्येक कापडवाला जाणतो. आणि चाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी एक कुशल कारागीर काम सोडून बसला, तर त्याच्या जागी नवा तयार व्हायला वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट तर फुकट आहे. ईद, दिवाळी, लग्नसराई जवळ आली की माल संध्याकाळी द्यायचा आणि सकाळी मागायचा, अशी आपली रीत. कारागिराच्या रात्री जागतात त्या बहुधा आपल्या उशिरामुळे. सण काही अचानक येत नाहीत, तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. माल दोन दिवस आधी दिला, तर एका पैशाचाही खर्च न करता दहा घरांची झोप वाचते.

कायदा काय म्हणतो

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत १० आणि विजेविना २० मजूर असले तरच कारखाना धरला जाई. नव्या संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले आहेत. म्हणजे उजेड, हवा, तास यांचे नियम घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतात. विडीच्या धंद्यात मात्र १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. शिलाईच्या धंद्यात तसे झाले नाही. अहमदाबादच्या इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने हा प्रश्न जगापुढे नेला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरच्या मजुराला इतर मजुरांसारखेच वागवावे, आरोग्य आणि सुरक्षाही त्यात यावी, असा त्याचा आशय. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात 'घरबसल्या काम करणारा' ही व्याख्या आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, आणि या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. योजनांचा लाभ घ्यायचा तर आधी नाव नोंदलेले हवे. त्यासाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला आधार कार्डावर ती विनामूल्य करता येते. आपल्या घरातल्या शिलाईवाल्या भगिनींची नोंदणी झाली आहे का, हे आजच विचारावे.

काय करता येईल

कारागिरांनी एवढे करावे. कामाची एक जागा ठरवावी, शक्यतो खिडकीजवळ, उजेड बाजूने पडेल अशी. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. मशीनचे टेबल कोपराच्या उंचीला यावे, पाठीला टेकू असावा. दर २० मिनिटांनी मान वर करून २० फूट लांबची वस्तू २० सेकंद पाहावी; दारातले झाड पाहिले तरी चालते. तासाभराने उठून पाणी प्यावे, दोन खोल्यांत फिरून यावे. चाळिशी उलटली की नजर तपासावी. सरसाचे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे आणि मुलांना लांब ठेवावे. पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा रंग दिला तर खोलीची उष्णता कमी होते. मुले शाळा सुटल्यावर थोडा हात लावतात, पण धागे कापण्यापायी अभ्यास आणि झोप जाता कामा नये.

लॅपटॉपवाल्या मुलांनी पडदा डोळ्यांच्या पातळीला आणावा, खाली चार जाड पुस्तके ठेवली तरी काम होते, आणि कळा वेगळ्या घ्याव्यात. काम संपल्यावर यंत्र बंद करून नजरेआड ठेवावे. साहेबाला वेळ स्पष्ट सांगावी. सीट्रिप कंपनीने पुढे ट्रिप डॉट कॉम या नावाने आणखी एक प्रयोग केला. सुमारे १६०० नोकरांपैकी काहींना आठवड्याचे दोन दिवस घरून आणि तीन दिवस कचेरीतून काम दिले. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामात तूट आली नाही, असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. थोडे घरी, थोडे माणसांत, हा मध्यम मार्ग बरा दिसतो.

हाच मध्यम मार्ग कारागिरांनाही लागू करता येईल. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून मोहल्ल्यात एक हवेशीर खोली घ्यावी. चांगला उजेड, मापाची टेबले, प्यायचे पाणी, संडास आणि मुलांसाठी एक कोपरा. ज्या भगिनींना जमेल त्यांनी दुपारचे तीन तास तिथे बसून काम करावे, बाकी घरी. भाडे पाच जणांत वाटले तर कुणालाच जड नाही. तिथे महिन्यातून एकदा डोळे आणि रक्तदाब तपासायला कुणाला बोलावणेही सोपे. आशागडसारख्या ठिकाणी, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, एवढी गोष्ट जमण्यासारखी आहे.

आपण तागा घेताना बोटांत धरून पोत पाहतो, उजेडात नेऊन रंग पाहतो, डाग असला तर परत करतो. तेवढ्याच बारकाईने माल जिथे शिवला जातो ती खोली वर्षातून एकदा जाऊन पाहावी. दिवा कुठे आहे, बसायला काय आहे, खिडकी उघडते का, एवढे पाहिले तरी कुठे खर्च करायचा हे व्यापाऱ्याला आपोआप कळेल.